जयपूरचे ऊन, कासवाची ऊब

सवाई जयसिंहांनी 1727 मध्ये वसवलेल्या जयपुरात सूर्याचे गणित दगडात बांधलेले आहे. जंतरमंतरमधल्या सम्राट यंत्राची सुमारे 27 मीटर उंचीची तिरपी भिंत शहराच्या अक्षांशाइतकी, म्हणजे जवळपास 27 अंश कललेली आहे. त्याच गणिताने 21 डिसेंबरच्या दुपारी इथला सूर्य क्षितिजापासून जेमतेम 40 अंश चढतो आणि 21 जूनला 86 अंशांवर, जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणून दक्षिणाभिमुख ओसरीवर बेताचा छज्जा असला की थंडीत ऊन आत शिरते आणि उन्हाळ्यात बाहेरच राहते. या शहरात बचाव केंद्रात किंवा प्राणिसंग्रहालयात ठेवलेल्या स्टार कासवाला ऊब द्यायची, तर आधी हे गणित वापरावे आणि मग विजेकडे वळावे, असे माझे म्हणणे आहे.

आज विजेचा दिवा हेच पहिले उत्तर वाटते, यामागे एक इतिहास आहे. इंग्लंडमधल्या सेल्बोर्न गावचे निसर्गअभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी अठराव्या शतकात एका कासवाचे वर्तन वर्षानुवर्षे टिपले. भूमध्य सागराकाठच्या जातीचे ते कासव नोव्हेंबरात माती उकरून आत जाई आणि एप्रिलच्या सुमारास बाहेर येई. पुढे अशी कासवे ब्रिटनमध्ये मोठ्या संख्येने आयात झाली. हा व्यापार 1984 मध्ये बंद झाला. जिथे वर्षातला बराच काळ ऊन पुरत नाही, तिथे बंद पेटी आणि दिवा यांची जोडी रास्तच होती. जयपुरात जानेवारीतही दुपारी बहुधा वीस-बावीस अंश तापमान असते आणि ऊन भरपूर पडते. अडचण असते ती रात्री, पारा आठ अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा.

यावर कुणी म्हणेल, स्टार कासव राजस्थानचेच आहे, मग त्याला उबेची गरज काय? रानातले कासव थंडी वाढली की झुडपाच्या बुडाशी किंवा गवताच्या पुंजक्यात सरकते आणि ऊन आले की बाहेर येते. संगमरवरी फरशीच्या कुंपणात त्याची ही निवड हिरावली जाते. ती परत मिळवून देणे हीच सुरक्षित उबेची कसोटी. एका टोकाला बत्तीस-पस्तीस अंशांची जागा, दुसऱ्या टोकाला पंचवीसच्या आसपासची सावली, खाली कोरडी माती आणि रात्रीसाठी जाड भिंतीची बंद खोली हवी. त्या खोलीत सिरॅमिक हीटर उंच, घट्ट बांधून, जाळीआड आणि थर्मोस्टॅटवर चालवावा. दिवा फार जवळ टांगला, तर उष्णता कवचाच्या माथ्यावर एकवटते. पोटापर्यंत ऊब पोचेस्तोवर कासव दिव्याखालीच बसून राहते आणि माथा भाजतो. कोळशाची अंगीठी बंद खोलीत ठेवली, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. ती टाळलीच पाहिजे. काचेच्या खिडकीतून येणारे ऊन पुरेल, हाही गैरसमज आहे. साधी काच कवच-हाडांसाठी लागणारे यूव्ही-बी किरण अडवते. दाट धुक्याच्या दिवसांत दिवसाही हीटर लागेल. म्हणूनच वीज जोडीला हवी, पण मुख्य भार उन्हाने उचलावा.

ही चर्चा हौसेपुरती नाही. स्टार कासव 2019 मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेले, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 च्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत आले. ते घरी पाळणे गुन्हा आहे. तस्करीतून सोडवलेल्या कासवांची जबाबदारी वनखाते, बचाव केंद्रे आणि प्राणिसंग्रहालये यांच्यावर येते. जयपुरात तर रामनिवास बागेतले प्राणिसंग्रहालय 1877 पासून आहे. अशा ठिकाणी उन्हाची दिशा बांधकामाच्या नकाशातच ठरली पाहिजे. वीज गेली तरी तापलेली जाड भिंत काही तास ऊब धरून ठेवते. केवळ दिव्यावर विसंबलेली पेटी मात्र लगेच गारठू लागते. सोडवून आणलेल्या जिवाला दुसरे संकट नको असेल, तर हा फरक आधीच ओळखायला हवा.