इरॉसचे दिवे



अंबरनाथच्या शिवमंदिराची डागडुजी करावयाची म्हटली, तर ‘ती कशाला?’ असें कोणी विचारणार नाहीं. तेथील शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा आहे, आणि जुनेपणाचा एवढा दाखला पुरेसा होतो. परंतु चित्रपटगृहाचा जीर्णोद्धार म्हटला कीं पुष्कळांना हंसूं येतें. करमणुकीच्या जागेला कसला आला आहे इतिहास? आज मी अशाच एका इमारतीची हकीकत सांगणार आहें.

उल्हासनगर-बदलापूरकडील मंडळी बोरीबंदरला उतरून, फोर्ट ओलांडून चर्चगेटला पोंचलीं, कीं स्टेशनासमोर इरॉस दिसतें. समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर शियावक्ष कंबाटा यांनीं तें उभारलें. 1935 सालीं पायाभरणी झाली व 1938 सालीं पडदा उघडला. सोराबजी भेदवार या वास्तुशिल्पज्ञानें कोपऱ्याच्या जागेची अडचण न मानतां तिचा लाभ घेतला. इमारतीच्या दोन बाजू दोन रस्त्यांस धरून मागें जातात, आणि त्या जुळतात तेथें पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा वर चढतो. बाहेर आग्र्याचा तांबडा दगड. आंत काळा-पांढरा संगमरवर. प्रेक्षागृहांत खुर्च्या 1204.

त्या काळचें चित्रपटगृह दिवसा अर्धेंच दिसे. त्याचें खरें रूप दिवेलागणीनंतरचें, आणि त्याचें श्रेय बव्हंशीं निऑन वायूला. रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांनीं 1898 सालीं तो हवेंतून वेगळा काढला. 1910 सालीं जॉर्ज क्लोद यानें पॅरिसच्या प्रदर्शनांत त्याच्या नळ्या उजळून दाखविल्या. कांचेची नळी ज्वालेवर मऊ करून हातानें अक्षराच्या वळणांत वाकवावयाची, हवा काढून वायु भरावयाचा, आणि दोन्ही टोंकांस हजारों व्होल्टांचा दाब द्यावयाचा, म्हणजे ती नारिंगी-तांबडी पेटते. निळा रंग हवा असल्यास आरगॉन व पारा लागतो. असें अक्षर फुटलें, तर तें बाजारांत तयार मिळत नाहीं; तें पुन्हां कारागिरानेंच वाकवावें लागतें. हल्लीं त्या जागीं एलईडीच्या पट्ट्या लावतात. त्या स्वस्त पडतात, टिकतातहि. पण नळीची ती अंगची झळाळी त्यांना येत नाहीं, असें माझें मत आहे. आतां जीर्णोद्धार म्हणावयाचें तें अक्षरांच्या आकाराला कीं त्यांच्या उजेडाला?

हाच प्रश्न इरॉसच्या पोटांतहि उभा राहिला. 2017 सालीं चित्रपटगृह बंद पडलें. 2018 सालीं युनेस्कोनें या परिसराला जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत इरॉसहि आलें. तरीहि दार बंदच होतें! 2023 सालीं इमारतीभोंवतीं पराती उभ्या राहिल्या, तेव्हां ‘पाडली, पाडली’ अशी आवई उठली व लोक हळहळले. बंद दारावरून रोज जाणाऱ्यांनाहि तेव्हांच तिची आठवण झाली, हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. पाडलें गेलें नाहीं. फेब्रुवारी 2024 मध्यें पडदा पुन्हां उघडला.

दर्शनी भाग राहिला, मनोरा राहिला. पण 1204 खुर्च्यांच्या जागीं नव्या आयमॅक्स प्रेक्षागृहांत सुमारें 300 खुर्च्या आहेत. एवढें मोठें सभागृह रोज भरणें आतां कठीण, हा हिशेब मला कळतो, आणि इमारत कोसळण्यापेक्षां हें शतपट बरें, हेंहि कबूल. परंतु एकाच अंधारांत हजार अनोळखी माणसें एकदम हंसतात, तो हंशा कोणत्या दगडांत जतन करावयाचा?

तशा अखंड सभागृहाची कल्पना हवी असेल, तर मरीन लाइन्सजवळचें लिबर्टी पाहावें. तें उघडलें 1949 सालीं, मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’नें, त्याच वर्षीं 8 ऑगस्टला उल्हासनगरची कोनशिला बसली. लिबर्टीची अंतर्गत सजावट वामन नामजोशी यांची. तेथें सुमारें 1200 आसनें आहेत, आणि त्यांच्यामध्यें भिंत आलेली नाहीं.