पडदे काढलेली बेस

सतारीला पडदे असतात, सरोदला नसतात. म्हणून सरोदवादकाला स्वर बोटाखाली स्वतःच शोधावा लागतो आणि तो चुकला तर लपायला जागा नाही. बेस गिटारचेही असेच दोन प्रकार आहेत. गंमत अशी, की आधी पडदे बसवले म्हणून तिचं कौतुक झालं आणि नंतर ते काढले म्हणून!

पूर्वी साथीला माणसापेक्षा उंच, बिनपडद्याचा डबल बेस असे. लिओ फेंडरने १९५१ साली गळ्यात अडकवायची विजेवरची बेस बाजारात आणली. तिला पडदे बसवले आणि नाव ठेवलं प्रिसिजन, म्हणजे अचूकपणा. पण दहाच वर्षांनी, १९६१ मध्ये, पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेलेल्या बिल वायमनने आपल्या स्वस्तातल्या बेसचे पडदे काढले. नवे बसवायचा बेत होता, पण पडद्यांवाचूनचा नाद आवडला आणि ते राहूनच गेलं. १९६६ मध्ये अँपेग कंपनीने मुद्दाम बिनपडद्याची बेस काढली, १९७० मध्ये फेंडरनेही.

मात्र या वाद्याला खरं गायला लावलं ते जॅको पास्टोरियसने. त्याची बेस १९६२ ची फेंडर जॅझ, मूळची पडद्यांचीच. पडद्यांच्या रिकाम्या खाचा बुजवून वर होडीला लावतात ते इपॉक्सी चढवलेलं, कारण खरखरीत तारांनी उघडं लाकूड झिजतं. त्याची १९७६ ची पहिली रेकॉर्ड जरूर ऐका, आपल्या मींडेची आठवण होईल.

हे सगळं उकरायचं कारण म्हणजे अमेरिकेतला माझा भाचा. त्याला सत्तरच्या दशकातली एक जॅझ बेस मिळते आहे, पडदे मागाहून काढलेली. 'अस्सल' नाही म्हणून किंमत कमी, तरी त्याची दोन वर्षांची शिल्लक त्यात जाईल. "मामा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. हिला जुनी म्हणायचं की बिघडवलेली?"

संग्राहकांच्या लेखी कारखान्यातून आलं तसं उरलं तेच अस्सल. त्या हिशेबाने जॅकोची बेसही बिघडवलेलीच. शिवाय ती मोडून पुन्हा सांधलेली होती. १९८६ मध्ये न्यूयॉर्कला ती चोरीस गेली आणि पुढल्याच वर्षी जॅको वयाच्या ३५ व्या वर्षी गेला. वीसेक वर्षांनी ती सापडली. २०१० मध्ये मेटालिकाच्या रॉबर्ट त्रुहियोने पदरचे पैसे घालून ती सोडवून घेतली. ते पैसे कोऱ्या लाकडासाठी नव्हते. वस्तूवर जे जे घडलं, ते सगळं मिळूनच तिचा इतिहास होतो.

मी भाच्याला कळवलं : दांडी सरळ आहे ना, खाचा नीट बुजवल्यात ना, हे जाणकाराला दाखव. रोज वाजवणार असशील तर घे. उद्या चढ्या भावाने विकायची असेल, तर मात्र नको. पडदे कुणीतरी हौसेने काढले, तो इतिहास वाजवणाऱ्याच्याच कामाचा, विकणाऱ्याच्या नाही.

त्याचं उत्तर अजून यायचंय. तुम्ही काय सांगितलं असतं?