राब कुणी जाळला आणि मोजलं कुणी?

माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वीचा एप्रिल. पडघ्याकडच्या एका गावामागची टेकडी रात्रभर जळत होती. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून मी चार ओळींची बातमी लावली की शेतकऱ्याच्या राबामुळे डोंगराला वणवा लागला. दोन दिवसांनी, ज्यांच्या शेताकडे बोट दाखवलं होतं ते काका दारात उभे. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "भाऊ, माझा राब अजून रचूनच ठेवलाय. पेटवलाच नाही. येऊन बघा."

गेलो. खाली शेणाचा थर, त्यावर टहाळ, त्यावर गवत, वरून भुरभुरलेली माती. काडीसुद्धा लागलेली नव्हती. दुरुस्ती दिली, पण चुकीची बातमी जेवढी फिरते तेवढी दुरुस्ती फिरत नाही.

तेव्हापासून या विषयावरचं जुनं मिळेल ते वाचत गेलो. कळलं ते असं, की राबावर आळ घेणारा मी पहिला नाही. हे भांडण सव्वाशे वर्षांहून जुनं आहे.

लूम आणि गोदामांच्या भिवंडीत वाढलेल्या मित्रांसाठी आधी थोडक्यात सांगतो. भाताचं रोप जिथे टाकायचं तेवढाच तुकडा पावसाआधी भाजून घेतात, तो राब. अख्खं शेत जाळत नाहीत. आग वाऱ्याच्या उलट दिशेने लावतात, म्हणजे ती भडकत नाही, हळूहळू धुमसते आणि माती तापते. तण मरतं, रोप जोमदार येतं. सांभाळून, ठरवून लावलेली आग आहे ही.

अडचण टहाळाची, म्हणजे पानांसकट तोडलेल्या फांद्यांची. तो ऐनासारख्या झाडांवरून यायचा. त्यासाठी भातशेतीला जोडून वरकस जमीन असायची आणि लागेल तसं जंगल असायचं. १८७८ चा वन कायदा आला आणि बरंचसं जंगल राखीव झालं. तेव्हाचा ठाणे जिल्हा म्हणजे आजचा पालघर धरून. वनखातं म्हणायचं, राबापायी झाडं बोडकी होतात. शेतकरी म्हणायचे, राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर सारा कुठून भरू? तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. भांडता भांडता कुणाला तरी सुचलं की आधी राब लागतो की नाही ते तरी बघू. मुंबई इलाख्याचे शेती संचालक ओझॅन यांनी राबाचे प्रयोग केले. पुढे इंग्लंडहून आलेले शेती रसायनतज्ज्ञ व्होल्कर यांनी १८९३ च्या अहवालात राबाची दखल घेतली. मग १९१२ साली पुण्याच्या शेती कॉलेजचे हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसोबत फक्त राबावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. फायदा नुसत्या राखेचा नाही, माती तापण्याचाही त्यात मोठा वाटा आहे, हे त्यातून पुढे आलं. साहेबांना जे अडाणीपण वाटत होतं, त्यात तथ्य निघालं.

पण थांबा. यावरून 'राब चांगलाच' असं म्हणून मोकळं होता येत नाही. त्या अभ्यासाचा विषय माती आणि रोप. ज्या झाडाचा टहाळ तोडला त्याचं पुढे काय झालं, पाचोळा गोळा केल्यावर जंगलातल्या जमिनीत काय उरलं, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांचं काय, हा हिशेब वेगळा आहे आणि तोही मांडायला हवा. शिवाय आज काही ठिकाणी राबात प्लास्टिकही जातं. त्याला मान साहेबांचा दाखला लागू नाही.

आता आजचं बघा. वनखातं स्वतःही उन्हाळ्याच्या तोंडावर जाळरेषा काढतं, म्हणजे पट्टे ठरवून जाळतं, का तर वणवा तिथे अडावा. वणव्याची खबर उपग्रहावरून येते. पण त्यातल्या चांगल्यापैकी उपग्रहाचा एक ठिपका ३७५ मीटर लांब-रुंद, म्हणजे जवळपास ३५ एकरांचा. राब असतो गुंठ्या-दोन गुंठ्यांचा. त्या ठिपक्यात राब पेटला, गवत पेटलं की कुणी बिडी टाकली, हे ठिपका सांगत नाही. तरी नाव राबाचंच येतं. मीही तेच केलं होतं.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून जमिनीचे तुकडे पाडून ठेवलेत. काही दरवर्षी जाळतात, काही दोन-तीन वर्षांनी, काही अजिबात जाळत नाहीत. शेजारी शेजारी ठेवून फरक बघतात. आगीने काय बिघडलं आणि काय सुधारलं हे सांगायचं तर न जाळलेला तुकडा शेजारी असावाच लागतो.

हे आपल्याकडे अशक्य आहे का? जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार ग्रामपंचायतीत लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. त्यात एक पान आगीचं ठेवा. राब कुठे, कोणत्या तारखेला पेटवला. टहाळ किती झाडांचा. शेजारच्या न भाजलेल्या वाफ्यात तण किती, रोप केवढं. टेकडी जळली तर त्याच जागेवरून दरवर्षी जूनमध्ये आणि दिवाळीनंतर एक फोटो. शाळेतली पोरं करतील, काकांसारखी माणसं शिकवतील.

पाच वर्षांनी कदाचित कळेल की गादीवाफ्यावरही तेवढंच चांगलं रोप येतं, मग राब आपोआप सुटेल. कदाचित कळेल की राबाने काही बिघडत नाही आणि खरा दोष डोंगरावर गंमत म्हणून टाकलेल्या काडीचा आहे. काहीही निघो, ते नोंदीतून निघावं.

काकांनी त्या दिवशी चहा पाजला आणि निघताना एवढंच विचारलं, "छापायच्या आधी का नाही आलात?" उत्तर नव्हतं. तुमच्या गावात यंदा डोंगर पेटला तर कुणाचं नाव घेण्याआधी जाऊन बघा. मी तरी आता जातो.