जागल्याचे नाव

आपल्या खेड्यांत पूर्वी जागल्या असे. गाव निजले की तो काठी आपटत फिरायचा आणि चोराची चाहूल लागली की हाळी द्यायचा. त्याबद्दल त्याला खळ्यावरच्या धान्यात वाटा मिळे, पण त्याचे घर मात्र गावकुसाबाहेरच असे. गावाला त्याची हाळी हवी होती. तो स्वतः नको होता. सरकारी कारभारातली चोरी पाहून जो गप्प बसत नाही, त्याच्यासाठी मराठी वृत्तपत्रांनी अलीकडे हाच जुना शब्द वापरात आणला आहे. शब्द फारच नेमका निवडला गेला, असे म्हणावे लागते. कारण स्वतंत्र भारताने आपल्या जागल्यांना दिलेली वागणूक गावकुसाबाहेरच्या त्या घरापेक्षा फारशी वेगळी नाही.

मात्र ती पहिल्यापासून अशीच होती असे नाही. प्रजासत्ताकाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक हाळी अशी दिली गेली की तिने केंद्रीय अर्थमंत्र्यांना घरी पाठवले. ते प्रकरण आज विस्मरणात गेले आहे. ते पुन्हा सांगायला हवे. सत्य बाहेर पडण्यासाठी काय लागते आणि सरकार त्यातून काय शिकते, हे दोन्ही त्यात दिसते.

विमेदारांचे पैसे

६ डिसेंबर १९५५ रोजी लोकसभेत काँग्रेसचे एक खासदार बोलायला उभे राहिले. नाव फिरोझ गांधी. मुंबईत जन्मलेला हा पारशी माणूस पंतप्रधान पंडित नेहरूंचा जावई होता. उद्योगपती रामकृष्ण दालमिया यांनी आपल्या विमा कंपनीचा पैसा स्वतःच्या उद्योगांत कसा फिरवला, हे त्यांनी आकडेवारीनिशी मांडले. दालमियांना पुढे तुरुंगात जावे लागले. दीड महिन्यातच, १९ जानेवारी १९५६ रोजी, आयुर्विमा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला. ही घोषणा करणारे अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी टी. टी. कृष्णमाचारी आले.

खासगी मालक विमेदारांच्या पैशाशी खेळतात म्हणून सरकारने तो आपल्या हाती घेतला. आता तो सुरक्षित राहील असे लोकांना वाटले. पण १ सप्टेंबर १९५६ रोजी सुरू झालेल्या आयुर्विमा महामंडळाने पुरते एक वर्षही होण्याआधी, जून १९५७ मध्ये, कलकत्त्याचे हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. मुंध्रा त्या वेळी कर्जात बुडालेले होते. महामंडळाची गुंतवणूक समिती होती, पण तिला विचारलेच गेले नाही. भावही बाजारापेक्षा चढे दिले गेले. ज्या रोगावर औषध म्हणून राष्ट्रीयीकरण केले, तोच रोग औषधाच्या बाटलीत निघाला.

संसदेत प्रश्न आले तेव्हा सरकारने आधी त्रोटक आणि टाळाटाळीची उत्तरे दिली. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोझ गांधी पुन्हा उभे राहिले. हातात तारखा होत्या, भाव होते, व्यवहाराची साखळी होती. अर्थमंत्री आणि त्यांचे मुख्य सचिव यांच्यातील गोपनीय पत्रव्यवहारापर्यंत ते पोहोचले होते, असे त्या वेळी बोलले जाई. ती माहिती त्यांना कोणी पुरवली, हे उघड झाले नाही. म्हणजे या प्रकरणात बहुधा एक अनामिक जागल्याही होता. त्याचे नाव कुणाला कळले नाही, म्हणून त्याची बदलीही झाली नाही. ही बाब लक्षात ठेवावी.

चोवीस दिवसांची चौकशी

चौकशीचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्याकडे आले. मुंबईच्या खोजा कुटुंबात १९०० साली जन्मलेल्या छागलांच्या सामाजिक आणि धार्मिक मतांशी मुस्लिम समाजातील अनेकांचे पटले नाही. आजही पटत नाही. समान नागरी कायद्याबद्दल त्यांची भूमिका सर्वांना ठाऊक आहे. पण न्यायासनावरच्या छागलांविषयी मतभेद असायचे कारण नाही. पंतप्रधानांच्या मर्जीतल्या मंत्र्याची चौकशी करायची होती आणि त्यांनी ती उघड्यावर केली.

'उघड्यावर' हा शब्द अक्षरशः घ्यावा. मुंबईत सुनावणी सुरू झाली तेव्हा गर्दी इतकी लोटली की दालन पुरेना. बाहेर उभ्या असलेल्या लोकांना ऐकू यावे म्हणून ध्वनिक्षेपक लावले गेले. अॅटर्नी जनरल सेटलवाड आयोगाच्या मदतीला होते. अर्थमंत्री, अर्थसचिव एच. एम. पटेल, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, महामंडळाचे अधिकारी अशी मोठमोठी माणसे साक्षीला उभी राहिली आणि रस्त्यावरचा विमेदार त्यांची उत्तरे ऐकत राहिला. कोण कोणावर जबाबदारी ढकलतो, कुणाला काय 'आठवत नाही', हे सारे शहर ऐकत होते. छागलांनी अवघ्या चोवीस दिवसांत काम संपवून १० फेब्रुवारी १९५८ रोजी अहवाल दिला. आपल्या सचिवाने जे केले त्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. अधिकाऱ्याच्या पाठीमागे मंत्र्याला लपता येणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच महिन्यात कृष्णमाचारींनी राजीनामा दिला. मुंध्रांना अटक झाली आणि पुढे शिक्षाही झाली.

येथे न्यायाने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. नेहरूंना हा निष्कर्ष रुचला नव्हता. मंत्र्यांचा दोष फार थोडा, असे त्यांचे मत राहिले. तरीही त्यांनी अहवाल दडपला नाही आणि छागलांना त्याची शिक्षाही दिली नाही. उलट त्याच वर्षी छागला भारताचे राजदूत म्हणून अमेरिकेला गेले.

सरकार काय शिकले?

ही लोकशाहीची शान होती, पण तिची दुसरी बाजू पुढच्या काळात दिसली. कृष्णमाचारी १९६२ साली पुन्हा मंत्रिमंडळात आले आणि १९६३ साली पुन्हा अर्थमंत्री झाले. नोकरीतून बाहेर पडलेले पटेल राजकारणात गेले आणि १९७७ साली तेही अर्थमंत्री झाले. फिरोझ गांधी मात्र ८ सप्टेंबर १९६० रोजी, वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, हृदयविकाराने गेले.

१९५९ साली चिंतामणराव देशमुखांनी एक साधी सूचना केली. मंत्र्यांविरुद्धच्या तक्रारी तपासण्यासाठी कायमस्वरूपी उच्चस्तरीय न्यायाधिकरण नेमा. ते नेमले तर काही प्रकरणे मी स्वतः त्याच्यापुढे ठेवीन. सांगणारा माणूस माजी अर्थमंत्री होता, रिझर्व्ह बँकेचा माजी गव्हर्नर होता. नेहरूंनी असे न्यायाधिकरण नेमण्यास नकार दिला. आधी नावे सांगा, असा आग्रह धरला. आधी तक्रारदाराने सर्व पत्ते उघडे करावेत, मग सरकार विचार करील, ही रीत तेव्हापासूनची. पुढे संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ साली केंद्रीय दक्षता आयोग आला, पण त्याला सल्ला देण्यापलीकडे फारसे बळ नव्हते.

फिरोझ गांधींनी आणखी एक काम केले होते. संसदेत जे बोलले जाते ते छापल्याबद्दल वृत्तपत्रांवर खटला होऊ नये, यासाठी त्यांनी खासगी विधेयक आणले आणि १९५६ साली त्याचा कायदा झाला. आणीबाणीत तो कायदा रद्द झाला. रद्द करणारे सरकार त्यांच्या पत्नीचे, इंदिरा गांधींचे होते. १९७७ साली जनता सरकारने तो परत आणला आणि १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने या संरक्षणाला संविधानातच जागा दिली. याउलट इंग्रजांनी १९२३ साली केलेला शासकीय गोपनीयतेचा कायदा कोणत्याही रंगाच्या सरकारने रद्द केला नाही. इंग्रज गेले, त्यांचे कुलूप मात्र आपण जपून ठेवले.

एका पत्राचा प्रवास

फिरोझ गांधींना कुणी बदलीची भीती घालू शकत नव्हते. त्यांच्यामागे संसदेचे विशेषाधिकार होते आणि त्यांचे नावही मोठे होते. ज्याच्यामागे यांपैकी काहीच नाही, त्याने काय करावे?

सत्येंद्र दुबे बिहारच्या सिवान जिल्ह्यातला तरुण. कानपूरच्या आयआयटीतून १९९४ साली अभियंता होऊन बाहेर पडला. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात तो सुवर्ण चतुष्कोनाच्या कामावर होता. बिहारमधल्या औरंगाबादहून बाराचट्टीकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम त्याच्या नजरेखाली चालले होते. मोठ्या कंपन्या कंत्राटे घेतात आणि कुवत नसलेल्या लहान ठेकेदारांना काम वाटून देतात, दर्जा ढासळतो, पैसा वाहून जातो, हे त्याने पाहिले. ११ नोव्हेंबर २००२ रोजी त्याने थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले. सामान्य माणसाच्या निनावी पत्राला कोणी किंमत देत नाही हे तो जाणून होता. म्हणून त्याने आपली ओळख वेगळ्या कागदावर जोडली आणि ती गुप्त ठेवावी अशी विनंती केली.

पत्र पंतप्रधान कार्यालयातून रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे गेले, तेथून महामार्ग प्राधिकरणाकडे. ओळखीचा कागदही सोबतच फिरला. प्रत्येक टेबलावर त्या नावाची नोंद झाली. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांच्याच खात्यात तक्रारदाराचे नाव पोहोचले. वर्षभराने, २७ नोव्हेंबर २००३ रोजी पहाटे, लग्नाहून परतताना गया शहरात दुबे याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. वय तीस. हा लुटीच्या इराद्याने झालेला खून होता असे केंद्रीय अन्वेषण विभागाने सांगितले आणि २०१० साली न्यायालयाने तिघांना जन्मठेप दिली. न्यायालयाचा निकाल मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. खून कोणत्याही कारणाने झाला असो, ते नाव टेबलाटेबलांवर फिरवले कोणी, आणि त्याची शिक्षा कोणाला झाली?

१९५७ आणि २००२ या दोन वर्षांतला फरक इथे आहे. मुंध्रा प्रकरणात सरकारचा व्यवहार उघडा पडला आणि खबर देणारा झाकलेला राहिला. दुबे प्रकरणात सरकारचा व्यवहार फायलीत राहिला आणि खबर देणारा उघडा पडला. पडदा कोणावर असावा आणि प्रकाश कोणावर, याची पुरती उलटापालट झाली.

कायदा आणि त्याची तारीख

दुबे याच्या मृत्यूने देश हळहळला. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर एप्रिल २००४ मध्ये सरकारने ठराव काढला आणि तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याची जबाबदारी दक्षता आयोगावर सोपवली. ऑक्टोबर २००५ मध्ये माहितीचा अधिकार देशभर लागू झाला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याआधीच आला होता. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचा तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम मारला गेला. भेसळ करणाऱ्या पेट्रोल पंपावर त्याने कारवाई केली होती. १३ जानेवारी २०१० रोजी आपल्या तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. द्रुतगती मार्गालगतचे जमिनींचे गैरव्यवहार ते माहितीच्या अधिकारातून बाहेर काढत होते. त्यांनी पोलीस संरक्षण मागितले होते. ते मिळाले नाही.

त्याच साली जागल्यांच्या संरक्षणाचे विधेयक संसदेत आले. ते मंजूर होऊन राष्ट्रपतींची सही होईपर्यंत मे २०१४ उजाडला. कायदा झाला, पण तो कधीपासून अंमलात येणार ही तारीख सरकारने जाहीर करायची होती. २०१५ साली ती जाहीर करण्याऐवजी त्याच कायद्यात दहा प्रकारची माहिती वगळणारी दुरुस्ती पुढे आली. लोकसभेने ती मंजूर केली, राज्यसभेत ती अडकली. सहीनंतर दहा वर्षे उलटली तरी मूळ कायद्याला तारीख मिळाली नव्हती. या काळात केंद्रात दोन्ही मोठ्या पक्षांनी राज्य केले. भ्रष्टाचार निपटून काढू, हे आश्वासन दोघांच्याही भाषणांत होते.

या ढोंगाला एकच उत्तर आहे आणि ते १९५८ साली मुंबईने ऐकले आहे. चौकशी लोकांसमोर करा आणि तक्रार करणाऱ्याचे नाव कुलपात ठेवा. यासाठी नवे शहाणपण लागत नाही. फक्त एक तारीख जाहीर करावी लागते. गावाने जागल्याला निदान धान्याचा वाटा तरी दिला होता. आपण आपल्या जागल्याला त्याच्या नावाची गुप्तताही देऊ शकलो नाही, तर उद्या रात्री हाळी कोण देईल?