परक्या खेड्यातील यजमान



फ्रेंच भाषेत 'ओत' असा एक लहानसा शब्द आहे. मौज अशी की, यजमान आणि पाहुणा या दोघांनाही तो लावतात. कोण कोणाच्या घरी आला आहे हे मागच्या-पुढच्या वाक्यांवरून ओळखावयाचे. गेल्या अर्धशतकात फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत असा एक वर्ग वसला आहे की, ज्याच्या बाबतीत या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरतात. हे लोक परदेशातून आलेले, म्हणून गावाचे पाहुणे. आणि सुट्टीत येणाऱ्या प्रवाशांना आपले घर आठवड्याच्या भाड्याने देणारे, म्हणून यजमान. त्यांत इंग्रज पुष्कळ आहेत. डच आणि बेल्जियनही आहेत. हा व्यवसाय कसा जन्मास आला, कोणाच्या हितासाठी आला आणि शेवटी कोणाच्या हाती गेला, हे आज आपण पाहू.

प्रथम नावापासून आरंभ करू. अशा भाड्याच्या घरास फ्रेंच लोक 'झीत' म्हणतात. 'पडून राहणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द आला. सशाच्या निजण्याच्या जागेलाही झीतच म्हणतात, आणि थडग्यावरील 'येथे विसावला आहे' या अर्थाच्या शब्दांतही तोच धातू आहे. मध्ययुगात 'झीतचा हक्क' म्हणून एक हक्क होता. राजा किंवा सरदार फिरतीवर निघाला की प्रजेने त्याची व त्याच्या लवाजम्याची राहण्याजेवण्याची सोय करावयाची, असा तो हक्क. पुढे अनेक ठिकाणी त्याऐवजी रोख रक्कम घेण्याची चाल पडली. म्हणजे ज्या शब्दाखाली एके काळी शेतकऱ्याने फुकट बिऱ्हाड द्यावयाचे, त्याच शब्दाखाली आज पाहुण्याकडून भाडे घेतले जाते. काळाने या शब्दाचा न्याय केला असे म्हणावयास हरकत नाही.

नैर्ऋत्य फ्रान्सशी इंग्रजांचा संबंध तसा जुनाच. इ. स. ११५२ साली आकितेनच्या एलिओनोरने हेन्री प्लँटाजेनेटशी विवाह केला. दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला आणि तिच्या वाट्याचा तो विस्तीर्ण प्रदेश इंग्रजी राजघराण्याशी जोडला गेला. दोर्दोन्य भागातील मोंपाझिए हे चौकोनी आखणीचे सुबक गाव १२८४ साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वसविले. अशा नव्या गावांत वस्ती व्हावी म्हणून येणाऱ्यांना घरासाठी जागा आणि काही सवलती देत असत. १४५३ साली कास्तियोंच्या लढाईत इंग्रजांचा पराभव झाला आणि तो प्रदेश त्यांच्या हातून कायमचा गेला. पुढे पाचशेहून अधिक वर्षांनी त्याच भागात इंग्रज पुन्हा वसू लागले तेव्हा फ्रेंच पत्रकारांनी या पुनरागमनाची थट्टा केली नसती तरच नवल!

या दोन काळांच्या मधल्या शतकांतही इंग्रज फ्रान्समध्ये येत होते, पण निराळ्या थाटात. नेपोलियनच्या युद्धांनंतर पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या पो शहरात त्यांची वसाहत झाली. तेथे १८५६ साली त्यांनी गोल्फचा क्लब काढला. लॉर्ड ब्रूम हे १८३४ साली इटलीकडे निघाले असता पटकीच्या साथीमुळे त्यांना नीसच्या सीमेवर अडविण्यात आले. ते मागे फिरून कान नावाच्या कोळ्यांच्या गावी राहिले, ते गाव त्यांना आवडले आणि तेथे त्यांनी बंगला बांधला. त्यांच्यामागून इतर धनिक आले. हे सारे लोक हवापालटासाठी, समुद्रकाठी किंवा शहरांत, नोकरचाकरांसह राहत. शेतकऱ्याच्या घराकडे त्यांचे लक्ष गेले नाही, कारण त्या काळी ते घर रिकामेच नव्हते.

मग ही घरे रिकामी झाली कशी? येथे आपल्या विषयाचे खरे मूळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले आणि अनेक कुटुंबे शहरांकडे गेली. पहिल्या महायुद्धात सुमारे १४ लक्ष फ्रेंच सैनिक कामी आले, आणि त्यांत खेड्यांतील तरुणांचा भरणा मोठा होता. कोणत्याही लहानशा फ्रेंच गावातील स्मारकशिलेवरील नावे मोजावीत, म्हणजे त्या गावाचे काय झाले असेल हे कळते. १९३१ च्या शिरगणतीत फ्रान्समधील नागरी लोकसंख्या प्रथमच ग्रामीण लोकसंख्येहून अधिक भरली. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आला. जेथे पूर्वी अनेक माणसे राबत तेथे एक माणूस पुरेसा झाला. आंरी मांद्रास या समाजशास्त्रज्ञाने १९६७ साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथास 'शेतकऱ्यांचा अंत' असेच नाव दिले.

याला वारसाहक्काच्या कायद्याची जोड मिळाली. १८०४ च्या नेपोलियनच्या दिवाणी संहितेप्रमाणे बापाला आपली सारी मिळकत मनास येईल त्यास देता येत नाही. एक मूल असेल तर निम्मी, दोन असतील तर दोन तृतीयांश आणि तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश मिळकत मुलांसाठी राखून ठेवावीच लागते. गोव्यातील श्रोत्यांना ही गोष्ट फोड करून सांगावयास नको. पोर्तुगीज संहितेचा वारसा असलेल्या गोव्याच्या कायद्यातही निम्म्या मिळकतीवर मुलांचा असा अढळ हक्क आहे. त्यात न्याय आहे यात शंका नाही. पण एका घराला सहा वारस झाले आणि त्यांतले पाच दूर देशी असले, म्हणजे त्या घराच्या दाराला कुलूप लागते आणि कौले कोण शाकारणार हा प्रश्न उरतो, हेही आपण पाहिले आहे. फ्रान्समध्ये हेच झाले. त्यात १९६० च्या कायद्याने स्थापन झालेल्या ग्रामीण भूमिसंस्थांना शेतजमीन विक्रीस निघाली असता ती प्रथम खरेदी करण्याचा अधिकार मिळाला. शेते शेजारच्या शेतकऱ्याच्या शेतांना जोडली जावीत हा त्यातील हेतू होता. शेते अशी शेजाऱ्याकडे गेली. मागे राहिले ते दगडी घर, त्याचे गवताचे कोठार आणि डुकरांचा गोठा. शेतकऱ्याला त्यांचा उपयोग नव्हता. म्हणून ती स्वस्त होती.

ही घरे वाचविण्याचा पहिला प्रयत्न मात्र फ्रेंचांचाच होता. १९३६ साली लेओं ब्लुम यांच्या सरकारने कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. १९५६ साली ती तीन आठवड्यांची झाली, १९६९ साली चार, आणि १९८२ साली पाच. लक्षावधी कुटुंबांच्या हाती सुट्टी आली, पण हॉटेलचे दर परवडेनात. तेव्हा बास-आल्प या डोंगराळ आणि ओस पडत चाललेल्या जिल्ह्याचे सिनेटर एमिल ओबेर यांनी या दोन अडचणींची सांगड घातली. शेतकऱ्याने आपल्या घराचा पडका भाग सरकारी साहाय्याने दुरुस्त करावा आणि शहरातील कुटुंबास सुट्टीपुरता माफक भाड्याने द्यावा, अशी ती योजना. पहिले झीत १९५१ साली सुरू झाले, आणि १९५५ साली 'झीत द फ्रान्स' हा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. आजही हा संघ घरांचा दर्जा ताऱ्यांनी दाखवीत नाही, गव्हाच्या ओंब्यांनी दाखवितो. एक ओंबी साधी, पाच ओंब्या उत्तम. शेतकऱ्याने शेतावरच राहावे आणि त्याला चार पैसे अधिक मिळावेत, ही मूळ कल्पना त्या चिन्हात टिकून आहे.

मग परदेशी लोक यात शिरले कसे? ब्रिटनमध्ये १९३९ पासून परकी चलनावर निर्बंध होते. १९६६ नंतर काही वर्षे प्रवाशाला ५० पौंडांहून अधिक रक्कम परदेशी नेता येत नसे. अशा स्थितीत फ्रान्समध्ये घर घेणे सामान्य माणसास कठीणच होते. १९७३ साली ब्रिटन युरोपीय समूहात सामील झाले आणि १९७९ साली हे निर्बंध पूर्णपणे उठले. इंग्लंडमधले लहानसे घर विकावे आणि त्या पैशात फ्रान्समध्ये कोठारासह दगडी वाडा घ्यावा, असा हिशेब पुष्कळांना जमू लागला. १९८९ साली पीटर मेल या लेखकाचे प्रोव्हान्समधील एका वर्षावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि अतोनात खपले. ते वाचून इतके लोक त्यांच्या दाराशी येऊ लागले की, त्यांना काही काळ ते गाव सोडून जावे लागले. १९९४ साली खाडीखालचा बोगदा सुरू झाला, आणि पुढे स्वस्त विमाने बेर्झराक, लिमोझ, कार्कासॉन अशा लहान शहरांतही उतरू लागली. २०१६ च्या सुमारास फ्रान्समध्ये सुमारे दीड लक्ष ब्रिटिश रहिवासी होते, आणि त्यांतील सुमारे एक चतुर्थांश एकट्या नैर्ऋत्येकडील नूव्हेल-आकितेन प्रांतात होते.

घर तर घेतले. आता पोटाचे काय? पेन्शनीत निघालेल्यांचे भागे. पण पन्नाशीच्या आतल्या माणसाला, फ्रेंच बेताचे, हाताला दुसरे काम नाही, अशा स्थितीत भाड्याची खोली हाच जवळचा मार्ग दिसे. तो दिसतो तितका सोपा नाही. सुट्टी शनिवारी ते शनिवारी मोजण्याची चाल आहे. सकाळी एक कुटुंब निघते, संध्याकाळी दुसरे येते. मधल्या काही तासांत चादरी, न्हाणीघर, स्वयंपाकघर, अंगणातले गवत आणि पोहण्याचा तलाव हे सारे नवराबायकोने मिळून उरकावयाचे. खरी मिळकत जुलै-ऑगस्टच्या आठ-दहा आठवड्यांची, आणि तिच्यावर बारा महिने काढावयाचे. हिवाळ्यात दगडी भिंतींतून थंडी येते आणि रस्त्यावर माणूस दिसत नाही.

शिवाय कायद्याची वेसण आहे. घरात राहूनच पाहुण्यांना खोल्या आणि न्याहारी द्यावयाची तर पाच खोल्या आणि पंधरा माणसे ही मर्यादा. ग्रामपंचायतीसारख्या 'मेरी' कचेरीत नोंद करावयाची. पाहुण्यांकडून मुक्कामाची पट्टी गोळा करून भरावयाची. ही पट्टी १९१० पासूनची आहे. २००३ च्या कायद्याने पोहण्याच्या तलावाला कुंपण, धोक्याची घंटा, आच्छादन किंवा छत यांपैकी एक तरी असावेच लागते, कारण लहान मुले बुडून मरत होती. गावात भुयारी गटार नसेल तर शौचकूपाच्या टाकीची तपासणी होते, आणि घर विकताना तिचा दाखला जोडावा लागतो. स्वप्न द्राक्षवेलीच्या मांडवाखाली सुरू होते आणि त्या टाकीच्या झाकणापाशी त्याची परीक्षा होते.

गावाने या पाहुण्यांना कसे वागविले? एकाच शब्दात उत्तर देता येत नाही. पडक्या घरांवर छपरे आली, गवंडी आणि सुतार यांना काम मिळाले, पावाच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळाले. उलट, काही भागांत घरांच्या किमती अशा चढल्या की गावातल्याच नवविवाहित जोडप्याला घर घेणे जड झाले. आणि जी घरे वर्षातून दोन महिनेच उघडी राहतात त्यांनी शाळेचा पट काही वाढत नाही. ही तक्रार खरी आहे आणि ती केवळ परकीयांविरुद्ध नाही. पॅरिसच्या धनिकांविरुद्धही तीच आहे. समुद्राकाठच्या आपल्या गावांतही ती आता ऐकू येते.

तरी यातले पुष्कळ जण गावाशी एकरूप झाले. युरोपीय संघाचे नागरिक म्हणून त्यांना स्थानिक निवडणुकीत मत देता येई आणि उभेही राहता येई. सातशेहून अधिक ब्रिटिश नागरिक फ्रेंच गावांच्या सभांत निवडून आलेले होते. मग २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. ३१ जानेवारी २०२० रोजी ते बाहेर पडले, आणि त्या वर्षी मार्चमध्ये झालेल्या निवडणुकीत या सभासदांना उभेच राहता आले नाही. ज्यांनी गावाचा रस्ता आणि शाळेचे छप्पर यांवर वर्षानुवर्षे मत दिले, त्यांचे मत एका दिवसात गेले. तेही गावाने न मागता. २०२० अखेर तेथे कायम राहणाऱ्यांना वास्तव्याचे परवाने मिळाले. ज्यांचे घर आहे पण वास्तव्य नाही, त्यांना आता दर १८० दिवसांत ९० दिवसच परवान्यावाचून राहता येते. दूर राहून झीत चालविणाऱ्या अनेकांचा हिशेब त्यामुळे चुकला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रान्सने आणखी एक कायदा केला. प्रवाशांना दिल्या जाणाऱ्या घरांवरील करसवलत त्याने बरीच कमी केली आणि अशा घरांवर मर्यादा घालण्याचे अधिकार गावाच्या प्रमुखांस वाढवून दिले. गावातल्यांना कायम राहण्यास घर मिळावे हा त्यामागचा हेतू. म्हणजे जी योजना शेतकऱ्याला घरात टिकविण्यासाठी निघाली, तिचाच विस्तार आता गावकऱ्याला घरापासून दूर लोटू लागला, असे राज्यकर्त्यांस वाटू लागले आहे.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला या इतिहासातला एक प्रश्न ओळखीचा वाटेल: परक्या भूमीत माणूस 'तिथला' केव्हा होतो? घराच्या खरेदीखतावर नाव लागल्याने तो मालक होतो, परवान्याने रहिवासी होतो. गावाचा मात्र तो हळूहळूच होतो: शेजाऱ्याच्या प्रेताला खांदा देऊन, गावाच्या भाषेत भांडून आणि समेट करून, हिवाळ्यातही दिवा लावून. फ्रान्सच्या खेड्यांतील या यजमानांपैकी जे उन्हाळ्यापुरते आले ते गेले किंवा जातील. जे हिवाळ्यातही राहिले, त्यांना गाव आता कोणत्या अर्थाने 'ओत' म्हणते हे विचारण्याची गरज उरलेली नाही.