नाव स्नायूंचे, बिघाड मज्जासंस्थेत

विल्यम गॉवर्स या ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञाने १९०४ मध्ये कंबरदुखीवर व्याख्यान देताना ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द घडवला. तंतुमय ऊतींना दाह होतो म्हणून दुखते, असा त्यांचा तर्क. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दाह काही सापडेना. १९७०च्या दशकात अंगभर दुखण्याच्या या आजाराला ‘फायब्रोमायाल्जिया’ हे नाव आले, तरी बोट स्नायूंकडेच राहिले. रुग्णांचे निम्मे हाल या चुकलेल्या बोटाने केले, असे माझे मत आहे.

स्नायूंतून निघालेला वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो. वाटेत त्याला वाढवणारी रसायने असतात, तशी आवर घालणारीही. या आजारात आवर ढिला पडतो. रुग्णांच्या मेंदू-मज्जाद्रवात वेदनेचा संदेश नेणारे ‘सबस्टन्स पी’ निरोगी माणसांच्या सुमारे तिप्पट आढळले. २००२ मध्ये रिचर्ड ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला व त्याच वेळी मेंदूचा एमआरआय केला. रुग्णांना जेवढ्या दाबाने कळ आली, तेवढीच कळ यायला निरोगी माणसांना जवळजवळ दुप्पट दाब लागला. आणि मेंदूतली उजळलेली केंद्रे बहुतांशी तीच होती. ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे.

स्नायूंत दाह नाही, म्हणून दाह दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी या रक्तचाचण्या नॉर्मल. रिपोर्ट हातात आला की घरच्यांच्या भुवया वर जातात. थायरॉइड आणि आमवात तपासायचे ते दुसरे काही निसटू नये म्हणून; निदान मात्र रुग्णाच्या सांगण्यावरच होते. १९९०च्या अमेरिकी निकषांत १८पैकी ११ ठिकाणी दाबून दुखणे आवश्यक होते. २०१०मध्ये ती अट गेली. आता किमान तीन महिने अंगभर दुखणे, थकवा, विसराळूपणा आणि झोपूनही न गेलेला शीण यांचा एकत्र हिशेब होतो.

त्यातली झोप कळीची. १९७५च्या सुमारास टोरांटोच्या हार्वे मोल्डोफस्की यांनी निरोगी माणसांची गाढ झोप आवाज करून मोडली, तर त्यांचेही अंग दुखू लागले.

मूळ दाहात नाहीच, तेव्हा दाह कमी करणाऱ्या ब्रुफेनसारख्या वेदनाशामकांचा इथे फारसा उपयोग का नाही, हे उघड आहे. रात्री अल्प मात्रेत अमिट्रिप्टिलिन, किंवा ड्युलोक्सेटिन, प्रीगॅबलिन यांचा काहींना मर्यादित फायदा होतो, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. युरोपीय संधिवाततज्ज्ञांनी २०१६ मध्ये ठाम शिफारस केली ती फक्त व्यायामाची. पण ज्याचे अंग ठणकते त्याला ‘व्यायाम कर’ म्हणणे सोपे. शिवाय आपली खोड अशी, की एक दिवस बरे वाटले की माळा आवरायला काढायचा आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. म्हणून सुरुवात दहा मिनिटांच्या संथ चालण्याने करा, आठवड्याला दोन मिनिटे वाढवा, आणि बऱ्या दिवशीही तेवढेच चाला. पहिले काही आठवडे दुखणे थोडे वाढू शकते. तेवढ्यावरून सोडू नका.