प्रकारमाहितीचा साठवणभार

प्रकारमाहितीचा साठवणभार म्हणजे संगणक प्रोग्रॅममधील ऑब्जेक्ट फाईलमध्ये जतन करताना त्यातील प्रत्यक्ष मूल्यांखेरीज त्यांच्या प्रकाराच्या वर्णनाने व्यापलेली जादा जागा होय. ऑब्जेक्टचे बाइटांच्या सलग ओळीत रूपांतर करण्याच्या क्रियेस क्रमिकीकरण किंवा सिरियलायझेशन म्हणतात. या क्रियेत क्लासचे नाव, फील्डांची नावे व त्यांचे प्रकार मूल्यांसोबत लिहिले गेल्यास हा भार उद्भवतो.

कारण

फाईलमध्ये केवळ बाइट असतात. चार बाइटांचा एखादा गट म्हणजे पूर्णांक, दशांश संख्या की चार रोमन अक्षरे, हे त्या बाइटांकडे पाहून ठरवता येत नाही. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला हे वर्णन फाईलमधून तरी मिळावे लागते किंवा त्याच्याकडे आधीपासून तरी असावे लागते. पहिल्या पद्धतीत फाईल मोठी होते. दुसऱ्या पद्धतीत ती लहान राहते, परंतु वर्णनावाचून निरुपयोगी ठरते.

जावामधील उदाहरण

जावा भाषेत ऑब्जेक्टांच्या क्रमिकीकरणाची सोय १.१ या आवृत्तीपासून (१९९७) आहे. या पद्धतीने ‘इंटिजर’ क्लासचा एकच ऑब्जेक्ट जतन केल्यास ८१ बाइट लागतात. त्यांची विभागणी पुढीलप्रमाणे होते :

- प्रवाहाची ओळखखूण व आवृत्ती : ४ बाइट
- ऑब्जेक्ट सुरू झाल्याची खूण : १ बाइट
- ‘इंटिजर’ क्लासचे वर्णन : ४० बाइट
- त्याच्या ‘नंबर’ या मूळ क्लासचे वर्णन : ३२ बाइट
- प्रत्यक्ष मूल्य : ४ बाइट

म्हणजेच ४ बाइटांच्या मूल्यासाठी ७७ बाइटांचा भार पडतो. क्लासच्या वर्णनात पॅकेजसह पूर्ण नाव, ८ बाइटांचा आवृत्तिक्रमांक आणि प्रत्येक फील्डचे नाव व प्रकार यांचा समावेश असतो.

एकाच प्रवाहात त्याच क्लासचा दुसरा ऑब्जेक्ट आल्यास वर्णन पुन्हा लिहिले जात नाही. आधीच्या वर्णनाचा ५ बाइटांचा निर्देश पुरतो. त्यामुळे पुढील प्रत्येक वेगळ्या ‘इंटिजर’ला १० बाइट लागतात. असे १,००० ऑब्जेक्ट एका प्रवाहात लिहिल्यास १०,०७१ बाइट होतात. प्रत्येकासाठी नवा प्रवाह उघडल्यास मात्र ८१,००० बाइट खर्ची पडतात. याच १,००० संख्या मूलभूत पूर्णांकांच्या एका ॲरेत ठेवून जतन केल्यास ४,०२७ बाइट पुरतात, कारण तेथे प्रकाराचे वर्णन संपूर्ण ॲरेसाठी एकदाच येते.

लिहिलेल्या ऑब्जेक्टांची नोंद प्रवाह स्मृतीत राखून ठेवतो. ही स्मृती मोकळी करण्यासाठी प्रवाह ‘रीसेट’ केला, तर त्यानंतर क्लासांची वर्णने पुन्हा लिहिली जातात. प्रत्येक ऑब्जेक्टनंतर रीसेट केल्यास निर्देशांमुळे होणारी बचत नाहीशी होते.

मजकूररूपी स्वरूपे

जेसनमध्ये क्लासचे नाव सहसा नसते, परंतु फील्डांची नावे प्रत्येक नोंदीत पुन्हा येतात. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते; काना, मात्रा व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे गणली जातात. म्हणून ‘नाव’ या फील्डनावास ९, तर ‘पत्ता’ या फील्डनावास १५ बाइट लागतात. रोमन लिपीतील चार अक्षरी नाव ४ बाइटांतच मावते. १,००० नोंदींमध्ये ‘नाव’ हे एकच फील्डनाव ९,००० बाइट व्यापते.

भार कमी करण्याचे उपाय

- क्लासच्या नावाऐवजी क्रमांक : जावासाठीच्या क्रायो या लायब्ररीत क्लासांची आगाऊ नोंदणी करून पूर्ण नावाऐवजी लहान क्रमांक लिहिता येतो.
- एकदाच लिहिलेली रूपरेषा : अपाचे ॲव्हरोच्या फाईलमध्ये नोंदींची रूपरेषा आरंभी एकदाच असते, पुढे फील्डांची नावे येत नाहीत.
- बाहेर ठेवलेली रूपरेषा : गूगलने २००८ मध्ये खुल्या केलेल्या प्रोटोकॉल बफर्समध्ये फील्डांची नावे वेगळ्या व्याख्याफाईलमध्ये राहतात. १ ते १५ क्रमांकांच्या फील्डांना ओळखीसाठी प्रत्येकी १ बाइट पुरतो.
- संक्षेपण : जीझिपसारख्या पद्धती पुनरावृत्त नावे आटोपशीर करतात. मात्र एकट्या लहान ऑब्जेक्टमध्ये पुनरावृत्तीच अल्प असल्याने लाभही अल्प होतो.

लाभ आणि मर्यादा

प्रकारमाहिती हा निव्वळ अपव्यय नव्हे. प्रोटोकॉल बफर्सची व्याख्याफाईल हरवल्यास क्रमांक व मूल्ये हाती लागतात, पण त्यांचा अर्थ कळत नाही. ॲव्हरोची फाईल रूपरेषा सोबत बाळगत असल्याने मूळ प्रोग्रॅम उपलब्ध नसतानाही वाचता येते. त्यामुळे दीर्घकाळ जपावयाच्या नोंदींसाठी थोडा साठवणभार पत्करणे हितावह ठरते. जावाच्या फाईलमध्ये वर्णन विपुल असले, तरी क्लासचा आवृत्तिक्रमांक जुळला नाही तर नेहमीचे वाचन अयशस्वी होते.

फाईलमधील क्लासच्या नावावरून कोणता ऑब्जेक्ट घडवावयाचा हे ठरत असल्यास सुरक्षेचाही प्रश्न निर्माण होतो. अविश्वसनीय फाईल वाचताना घातक कृती घडू शकतात, हे २०१५ मध्ये अपाचे कॉमन्स कलेक्शन्स या लायब्ररीच्या संदर्भात ठळकपणे दिसून आले. जावाच्या ९ व्या आवृत्तीत (२०१७) वाचनाच्या वेळी क्लास गाळण्याची सोय करण्यात आली.